मागच्या चाकावरच्या काकू

मेहरूणच्या काकू सायकलच्या शर्यतीत कधी पुढे नसतात आणि कधी मागे पडतही नाहीत. त्या मागे असतात. मागे पडणं नशिबाचं, मागे असणं अकलेचं, असं त्यांचं म्हणणं. थंडीच्या दिवसांत जळगावच्या मेहरूण तलावाच्या आसपास बायकांच्या ज्या शर्यती होतात, त्यांत हे म्हणणं त्यांनी माझ्या पाठीमागे बसून वेळोवेळी सिद्ध केलेलं आहे.

तसे बायकांच्या शर्यतीत नमुने पुष्कळ. सायकलीपेक्षा गॉगल महाग असलेली एक असते. गुडघ्याला पट्टा बांधूनच येणारी एक असते, म्हणजे हरल्यावर वेगळं कारण शोधायला नको. सुरुवातीच्या रेषेवर फोटो काढून पहिल्याच टपरीवर चहाला उतरणारी एक असते, आणि खरं सांगायचं तर तिचाच रविवार सगळ्यांत सुखाचा जातो. पण ह्या सगळ्या हंगामी. दोन हिवाळे दिसतात, तिसऱ्याला झुंबाला जातात. काकू टिकतात. तुम्ही पुण्यात सायकल मारत असा नाहीतर नाशकात, जरा मान वळवून मागे बघा. तुमच्या चाकापासून वीतभर अंतरावर कुणी बाई अगदी शांतपणे श्वास घेत असेल, तर त्या तुमच्याकडच्या काकू.

आमच्या काकूंचं वय पंचेचाळिशीच्या पुढचं. किती पुढचं ते शर्यतीच्या फॉर्मवर गटानुसार बदलतं. सायकल त्यांच्या मुलाची. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि ही एकवीस गिअरची सायकल जिन्याखाली ठेवून गेला. एकवीसपैकी काकू एकच गिअर वापरतात. बाकीचे वीस म्हणे तो सुट्टीत येईल तेव्हा त्याला जसेच्या तसे परत द्यायचे आहेत. अंगात पंजाबी ड्रेस, सलवारीचा उजवा पाय मोज्यात खोचलेला, वरून आयोजकांनी दिलेला टी-शर्ट. आणि जळगावात दुचाकीवर बसणाऱ्या कुठल्याही बाईचा असतो तसा तोंडाला गच्च गुंडाळलेला स्टोल, त्यावर हेल्मेट. फक्त डोळे दिसतात. परदेशातल्या शर्यतीत मोठमोठ्या सायकलपटू काळे चष्मे लावतात, कारण दम लागला की तो आधी डोळ्यांत दिसतो आणि शेजारणीला कळतो. काकूंना चष्म्याची गरजच पडलेली नाही. त्या दमल्यात, हसतायत, की स्टोलच्या आत निवांत बोरं चघळतायत, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. बहुतेक वेळा बोरंच असतात.

ह्या बोरांचं सांगायला हवं. मेहरूणचं बोर म्हणजे नाव असलेलं बोर. गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही जात, आणि तिकडे बागांच्या जागी प्लॉट पडले तरी जानेवारीत कुठल्या बांधावर कुठलं झाड धरलंय याचा नकाशा काकूंच्या डोक्यात पक्का आहे. शर्यतीत आयोजक केळी वाटतात. आता जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला केळं वाटणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. काकूंचं माहेर यावलकडचं, लहानपण केळीच्या बागेत गेलेलं. हातात केळं ठेवलं की त्या आधी ते उलटसुलट करून बघतात, ‘व्यापाऱ्याने नाकारलेला माल दिसू राहिला हा,’ म्हणतात, आणि माझ्या टी-शर्टच्या मागच्या खिशात टाकून देतात. त्यांच्या स्वतःच्या खिशात बोरं. सायकलवर बसून बोर खाण्यात एक अडचण अशी की बी कुठे टाकायची. पुढे टाकावी तर मी. मागे टाकावी तर दुसरी कोणी. काकू डाव्या बाजूला टाकतात. त्यामुळे त्यांच्या डावीकडून कुणी पुढे जायला बघत नाही.

आता सपाट रस्त्याविषयी. तापीच्या खोऱ्यातला आमचा मुलूख काळ्या मातीचा आणि सपाट. सातपुडा उत्तरेला, अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेला. दोन्ही शर्यतीच्या फोटोत येतात, पायात येत नाहीत. बाहेरचे लोक म्हणतात, सपाट रस्ता, मग काय, सोपं! चढावर शर्यत सोपी असते. जिच्या पायात दम आहे ती वर जाते, नाही ती खाली राहते, आणि सगळ्यांना आपापली जागा कळते. सपाटीवर कुणी सुटत नाही. ताशी तीसच्या आसपास वेग गेला की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, आणि वेग दुप्पट करायचा म्हटलं तर एकट्या हवेसाठी आठपट ताकद लागते. जी पुढे असते ती सगळ्यांसाठी हवा फोडते. जी तिच्या चाकाला चाक लावून मागे बसते तिची एक तृतीयांशाच्या आसपास मेहनत वाचते. म्हणजे शर्यत एकच, रस्ता एकच, आणि पुढचीचा घाम मागचीच्या खात्यात जमा. दाल मिलमध्ये हिशेब लिहिणाऱ्या काकांना मी हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘मग पुढे जातं कोण?’

मी जाते. का जाते, ते मलाही नीट सांगता येणार नाही. हळू चाललेलं मला बघवत नाही एवढं खरं. शिवाय माझी पाठ. काकू शर्यतीआधी रेषेवर उभ्या राहतात तेव्हा बाकीच्या बायका एकमेकींच्या सायकली बघत असतात; काकू पाठी बघतात. बारीक पोरींकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. ‘हिच्या मागे बसून काय करू? वारा आरपार येतो.’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगतात, ‘आपल्या मेहरूणमध्ये हिच्याइतकी रुंद पाठ कोणाची नाही.’ हे कौतुक घरी सांगता येण्यासारखं नाही.

शर्यत सुरू झाली की पहिली पाच मिनिटं सगळ्या सगळ्यांच्या मैत्रिणी असतात. मग वारा समोरून लागतो. मी पुढे, मागे काकू, त्यांच्यामागे बाकीच्या. थोड्या वेळाने मी म्हणते, ‘काकू, दोन मिनिटं पुढे येता का?’

‘येते ना माय. तू हो पुढे.’

हे उत्तर इतक्या आपुलकीने येतं की आपण खरोखरच पुढे होतो, आणि अर्धा किलोमीटर गेल्यावर लक्षात येतं की आपण आधीही पुढेच होतो. पुन्हा विचारलं तर चेन वाजू राहिलेली असते. मग डोळ्यात काहीतरी गेलेलं असतं. मग ह्यांचा फोन येऊ राहिलेला असतो. एकदा तर त्यांनी मला शांतपणे सांगितलं की आज एकादशी आहे. उपवास आणि वारा यांचा काय संबंध हे मी त्यांना विचारलं नाही, कारण बोलायला दम लागतो आणि दम माझ्याकडे नव्हता. तो त्यांच्याकडे होता.

एकदा मात्र मी भडकले. शर्यत संपून तलावाच्या कट्ट्यावर बसलो होतो. म्हटलं, ‘काकू, एकदा तरी पुढे यायला काय होतं तुम्हाला?’ काकूंनी स्टोल सोडला, घाम पुसला (थोडाच होता) आणि बोटं मोजायला सुरुवात केली.

‘लग्न होऊन आली तेव्हा तीन दीर, दोन नणंदा. नणंदांच्या लग्नात पुढे कोण? मी. सासूबाईंच्या मोतीबिंदूला पुढे कोण? मी. उन्हाळ्यात बिबड्यांची ज्वारी भिजत घालायला पुढे मी, गच्चीवर वाळत टाकायला पुढे मी, खायला सगळे. नळाला पाणी आलं की रात्री उठायला पुढे मी. पोराच्या कॉलेजच्या रांगेत मी, ह्यांच्या पेन्शनीच्या कागदाला मी. धाकटी जाऊ काय म्हणते माहिती आहे? म्हणते, वहिनी, तुम्ही व्हा पुढे, मी आलीच. वीस वर्षं झाली, ती अजून येऊ राहिली.’ बोटं संपली तशी त्यांनी हात झटकला. ‘आठवड्यातून एक तास मी मागे बसणार. तुला कोणी सांगितलं पुढे जायला?’

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढं मात्र कळलं की ‘येते, तू हो पुढे’ हे वाक्य काकूंनी तयार केलेलं नाही. धाकट्या जावेकडून जसंच्या तसं आणलं आहे.

त्या दिवसापासून मी त्यांना सुधारायचं सोडलं आणि माहिती पुरवायला लागले. मला वाटलं होतं, जगातल्या मोठ्या सायकलपटूंच्या गोष्टी ऐकून त्यांना स्फूर्ती येईल. आली, पण वेगळीच. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली: 2018 साली, विसाव्या वर्षी, 159 दिवसांत जवळजवळ 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकटीने. काकूंच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. ‘एकटीने? म्हणजे सगळा वारा तिलाच लागला? पोरीच्या मागे तर सोड, पुढेही कोणी नाही?’

मग मी इतिहासात शिरले. म्हटलं, काकू, पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत ऑलिम्पिकमध्ये 1896 सालीच झाली, पहिल्याच ऑलिम्पिकला. बायकांना ती मिळाली 1984 साली, लॉस एंजेलिसला. मधे 88 वर्षं. माझा आवाज थोडा चढला होता. ह्या आकड्यावर चढतोच. काकूंनी मान हलवली. ‘88 वर्षं मागे बसवल्या? मग ताकद केवढी राखून असतील बाया!’

त्यांना सगळ्यांत आवडली ती दोह्याची शर्यत. 2016 ची जागतिक स्पर्धा कतारमध्ये होती. वाळवंट, रस्ता आमच्यासारखा सपाट, ऊन मरणाचं. (‘आपल्या मे महिन्यापेक्षा जास्त?’ काकूंनी लगेच विचारलं. जळगावकराला उन्हाच्या बाबतीत कुणी मागे टाकलेलं खपत नाही. पंचेचाळीसच्या खालच्या उन्हाला आमच्याकडे ढगाळ म्हणतात.) शेवटच्या टप्प्यात नेदरलँड्सची किर्स्टन विल्ड पुढे निघाली, सगळ्यांना वाटलं झालं, हिचंच. तिच्या चाकाला चिकटून बसलेली डेन्मार्कची अमाली डिडरिकसन, वय वर्षं वीस, ऐन रेषेपाशी तिच्या मागून बाहेर निघाली आणि जगज्जेती झाली. काकूंनी ही गोष्ट माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. दुसऱ्यांदा ऐकताना त्या माझ्या पाठीकडे बघत होत्या.

तर ह्या जानेवारीतली शर्यत. महिला गट, तीस किलोमीटर, तलावापासून निघून शिरसोली रस्त्याने जायचं, रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत, असे फेरे. विसर्जनासाठी बुजवलेले खड्डे अजून बऱ्यापैकी बुजलेले होते. जळगावला जानेवारीत पहाटे चांगली थंडी पडते हे बाहेरच्यांना पटत नाही, त्यांना आमचा फक्त मे माहीत. प्रमुख पाहुणे साडेसहाला यायचे होते ते आठला आले. मग सत्कार. पाहुण्यांचा, पाहुण्यांना घेऊन आलेल्यांचा, ज्यांच्या गाडीतून आले त्यांचा. नारीशक्तीवर भाषण झालं तेव्हा नारीशक्ती नाक ओढत उभी होती. बक्षिसं टेबलावर मांडलेली: पुरुष गटाला रोख रक्कम, पाकिटात. महिला गटाला पहिलं मिक्सर, दुसरं कुकर, तिसरं स्टीलच्या डब्यांचा सेट. काकूंनी टेबलाभोवती एक चक्कर मारून कुकर किती लिटरचा ते बघून घेतलं.

झेंडा पडला आणि आम्ही निघालो. चष्मेवाली, पट्टेवाली, दोन कॉलेजच्या मुली, एक डॉक्टरीणबाई, आणखी काही जणी. मी पुढे. आणि त्या दिवशी, पिंपाचा पहिला वळसा घेतल्यावर, वारा असा काही तोंडावर आला की माझ्यातलं जे काही पुढे जाणारं होतं ते संपलं. मी पाय थांबवले. सायकल नुसती घरंगळत ठेवली. म्हटलं, आता येऊ दे कुणाला यायचंय ते.

कुणीही आलं नाही.

सपाट रस्त्यावरच्या शर्यतीत असं होतं. जी पुढे जाईल ती बाकीच्यांना फुकट ओढणार, म्हणून कुणीच जात नाही. मी हळू झाले तशा काकू हळू झाल्या. काकू हळू झाल्या तशा त्यांच्यामागच्या. सगळ्या जणी पुढचीच्या पाठीकडे बघत, पायडल उलटे फिरवत, जवळजवळ चालण्याच्या वेगाने रस्त्यावरून निघालो. मोपेडला किटल्या अडकवलेला दूधवाला आम्हाला ओलांडून गेला. मग गांधीतीर्थाला निघालेली शाळेच्या सहलीची बस गेली. पोरांनी खिडक्यांतून ओरडून आम्हाला प्रोत्साहन दिलं आणि बस वळणाआड गेली तरी आम्ही तिथेच. मग म्हशी. त्यांना ओलांडायला काही अडचण आली नाही. त्यांच्यामागच्या म्हाताऱ्या बाबांनी काठी बगलेत धरून विचारलं, ‘काय झालं वं बायाहो? रस्ता चुकल्या का?’

‘शर्यत चालू आहे बाबा,’ काकूंनी स्टोलमधून सांगितलं.

बाबांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. ‘अस्सं,’ म्हणाले, आणि म्हशींबरोबर पुढे निघून गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आळीपाळीने एकेक मिनिट पुढे जाऊ या, तेच शास्त्रीय आहे. सगळ्यांना ते पटलं. सुरुवात कोणी करायची यावर शिरसोलीच्या बाजूचं एक अख्खं शेत सरलं. चष्मेवाली म्हणाली, मी सगळ्यांत लहान. पट्टेवालीने पट्ट्याकडे बोट दाखवलं. काकू काहीच बोलल्या नाहीत. बोराची एक बी डावीकडे पडली.

शेवटी मीच निघाले. हे सांगायला नको होतं, पण तुम्ही ओळखलंच असेल. मी निघाले आणि माझ्यामागे अख्खी माळ निघाली, आणि उरलेले फेरे त्याच क्रमाने झाले. शेवटच्या फेऱ्यात तलाव दिसायला लागला तशी मागे हालचाल सुरू झाली. कॉलेजच्या मुलींनी गिअर बदलल्याचा आवाज आला. मी खाली वाकले, उरलंसुरलं सगळं पायात ओतलं. शंभरेक मीटर राहिले असतील. उजव्या कानाजवळ ‘सरक वं माय’ असं ऐकू आलं, आणि काकू गेल्या. नुसत्या गेल्या. एकाच गिअरवर, सलवारीचा मोज्यातून सुटलेला पाय फडफडवत, हेल्मेट तिरकं, स्टोलचं टोक मागे उडालेलं. तीस किलोमीटर जमा केलेला माझा घाम त्यांनी एका शंभर मीटरमध्ये खर्च केला. आणि रेषा ओलांडताना त्यांनी हात वर केला. एकच, कारण दुसऱ्याने स्टोल धरला होता. काका स्कूटरवर उभे राहून शिट्ट्या मारत होते.

लाउडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं आणि पाठोपाठ ‘द्वितीय क्रमांक’ असं ऐकू आलं.

द्वितीय? आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. मांडवाच्या सावलीत, टेबलाला टेकून, शाळेच्या गणवेशातली एक बारीक पोरगी आयोजकांनी दिलेलं केळं खात होती. शेजारी मानव विकास योजनेतली सायकल, पुढे बास्केट, बास्केटमध्ये दप्तर. मुलींना शाळेत जायला मिळते ती. सातपुड्याच्या अंगाच्या गावातून मेहरूणला मामाकडे शिकायला आलेली. झेंडा पडल्यापडल्या ती जी निघाली ती निघालीच. आमच्यातल्या दोघीतिघींनी तिला जाताना पाहिलंही होतं. प्रत्येकीला वाटलं, ट्युशनला चालली असेल.

मांडवातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक मात्र आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. ‘अहो, हे टोकियोला झालंय! 2021, ऑलिम्पिक!’ आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली: ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीझेनहोफर, गणितात डॉक्टरेट केलेली, कुठल्या व्यावसायिक संघात नाही, शर्यत सुरू झाल्यापासून जी पुढे पळाली ती मागच्यांच्या डोळ्यांआड गेली. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते. मागच्या मोठमोठ्या सायकलपटू एकमेकींवर नजर ठेवून राहिल्या आणि हिला विसरूनच गेल्या. नेदरलँड्सची ॲनमीक व्हान व्ह्लॉइटन, केवढी थोर सायकलपटू, तिने रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले, जिंकले म्हणून. सव्वा मिनिट आधीच कीझेनहोफर जिंकून बसली होती.

काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. ‘मग त्या दुसऱ्या बाईला काय दिलं?’

‘रौप्यपदक!’

‘आणि मला कुकर?’

सर जरा अडखळले. पण माणूस शिक्षक, हार मानेना. म्हणाले, दुसरं येण्यात कमीपणा नसतो. मारिआने व्हॉस घ्या, जगातली एक नंबरची सायकलपटू, 2007 पासून 2011 पर्यंत जागतिक स्पर्धेत ओळीने पाच वेळा दुसरी आली.

‘पाच कुकर!’ काकू म्हणाल्या. ‘करायचं काय एवढ्यांचं बाईने?’

बक्षीस समारंभात पोरीला मिक्सर मिळाला. तो तिच्या बास्केटमध्ये मावेना. दप्तर काढून ठेवलं तरी मावेना. पाहुणे फोटोसाठी थांबलेले, मिक्सर अर्धा बाहेर, पोरगी रडवेली. त्या गर्दीत पुढे होऊन दोरी कोणी आणली, मिक्सर कॅरिअरला आडवा कोणी बांधला, पाहुण्यांना ‘जरा सरका हो’ कोणी म्हटलं, आणि दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून मामाच्या घरापर्यंत पोरीबरोबर कोण गेलं, ते मी पाहिलं. तिसऱ्या नंबरचा डब्यांचा सेट मला मिळाला. चार डबे आहेत, झाकणं तीन.

त्यानंतरच्या रविवारी काकू माझ्याकडे आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मला जरा चुकल्यासारखं झालं. एकटीने सायकल मारताना मागे बी पडल्याचा आवाज येत नव्हता. मग दूधवाल्याकडून कळलं की शिरसोली रस्त्याला सकाळी सकाळी एक शाळेची पोरगी वाऱ्यासारखी जाते आणि तिच्यामागे स्टोल गुंडाळलेली एक बाई जाते. दूधवाल्याला त्यात नवल वाटलं ते एवढंच, की ह्या वेळी बाया हलू राहिल्या होत्या.

म्हणजे काकूंनी चाक बदललं होतं. आमच्या खेळात हे चालतं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला दोन रविवार सांगितलं. तिसऱ्या रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट आणि मधून मधून काकू.

‘कुठे आहेस वं?’

‘घरी. झोपलेय. तुम्ही कुठे?’

‘शिरसोलीच्या पुढे. ती पोरगी गेली ना निघून. म्हणे ट्युशनला उशीर होऊ राहिला. सोडलं मला इथेच मोकळ्यावर.’

‘मग या ना हळूहळू.’

‘हळूहळू काय, वारा बघ ना केवढा समोरून. आणि खरं सांगू का, पोरगी गुणाची आहे, पण पाठच नाही वं तिला. काडी नुसती. सगळा वारा मलाच लागू राहिला इतके दिवस.’ जरा वेळ नुसताच घोंघाट ऐकू आला. ‘तू ये ना जरा इकडे. लवकर निघ. आणि ऐक, तो निळा स्वेटर घालून ये. जाडा.’